गूळ, गारगोटी आणि पाण्यातला हायड्रोजन

सकाळी सातला मामाचा फोन. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूला पाऊस कसा असतोय ते तिकडच्या माणसाला सांगायला नको, फोनमधनं पत्र्यावरचा आवाजच जास्त ऐकू येत होता. "काय करूलास रे" एवढं विचारून मामा सरळ मुद्द्यावर. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलाय, बघितलास काय, एका माणसानं मोटरसायकलच्या टाकीत बाटलीतलं पाणी ओतलं आणि गाडी फर्रकन चालू झाली, पाण्यात हायड्रोजन असतोय म्हणे, मग आपल्या विहिरीला एवढं पाणी असताना आपण पेट्रोल कशाला भरतोय?

मी पंप आणि सोलर बसवायची कामं करतो, त्यामुळं घरात असल्या सगळ्या व्हिडिओंचं उत्तर देणं ही माझीच ड्युटी. मामाला मी एवढंच म्हणालो, चुलीतली राख परत पेटवून भाकरी भाजता येते काय? नाही म्हणाला. मग पाणी म्हणजे हायड्रोजनची राख. हायड्रोजन जळला, हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला गेला, त्यातली सगळी ऊर्जा बाहेर पडली आणि मागं जे उरलं ते पाणी. त्यात परत जळण्यासारखं काही नाही. व्हिडिओ खोटा.

पण राखेचं परत लाकूड करता येतंय की! झाड तेच करतंय. जळताना लाकडातनं जो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उडून जातंय ते घेऊन, ऊन खाऊन, पुन्हा लाकूड. फक्त त्यासाठी आधी बाहेर पडलेली सगळी ऊर्जा परत भरावी लागते, एक पैसा सूट नाही. पाण्याचंही तसंच, ऊन भरा आणि हायड्रोजन परत घ्या. हे ऊन भरायचं काम करणारं जे मटेरियल आहे, पेरोव्स्काइट, त्याबद्दल मामाला तासभर सांगत बसलो, तेच इथं लिहून काढतोय.

आधी हायड्रोजन कशाला पाहिजे ते. लोकांना वाटतं गाडीसाठी. असेल, पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा हायड्रोजनशी खरा संबंध गाडीतनं नाही, उसाच्या सरीतनं येतो. युरिया करायला अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हवेतल्या नायट्रोजनला हायड्रोजन जोडावा लागतो. हा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायू फोडून काढतात आणि त्यात एक किलो हायड्रोजनमागं साधारण ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोय. म्हणजे चिकोडी, अथणी, हुक्केरी, जिथं जिथं उसाला युरिया पडतोय तिथं तिथं हायड्रोजन आधीच पोचलाय, पण काळ्या मार्गानं. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये जे हरित हायड्रोजनचं मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन काढायचं टार्गेट, त्याच्या मागं खत आणि रिफायनऱ्या हेच मोठं गिऱ्हाईक आहे.

आणि पाणी किती लागतंय? एक किलो हायड्रोजनला ९ लिटर, एक घागरसुद्धा भरून नाही. (साफ पाणी लागतं, ओढ्याचं गढूळ चालत नाही, पण ते जाऊ दे.) तेव्हा "हायड्रोजन काढायला राकसकोपचा तलाव रिकामा करणार" असली जी भीती घालतात ती विसरा. पाणी स्वस्त आहे, ते फोडायचा जोर महाग आहे.

हा जोर म्हणजे व्होल्ट. इथं माझा धंदा कामाला येतो. समजा टाकी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पंपाचा हेड दोन मजल्यांचा आहे. काय होईल? पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत पाइपात चढून उभं राहील, मोटर घुंई करत राहील, टाकीत थेंब पडणार नाही. असले चार पंप शेजारी शेजारी लावले तरी नाही पडणार, कारण कमी पडतोय तो हेड, पाणी नव्हे. पाणी फोडायचा हेड १.२३ व्होल्ट आहे. हा झाला पुस्तकातला आकडा, प्रत्यक्षात पाइपात घर्षण असतं तसं इथंही असतं, म्हणून १.६ ते १.८ व्होल्ट तरी हवेत. त्याच्या खाली कितीही करंट द्या, दिवसभर ऊन खाऊन बुडबुडासुद्धा नाय येत म्हटलं तरी चालेल.

आता छतावरच्या नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलमधला एक सेल घेतला तर तो ०.६-०.७ व्होल्टच देतोय. म्हणजे एकाला एक जोडून तीन-चार सेल लावायचे तेव्हा पाणी फुटणार, बोअरच्या सबमर्सिबलमध्ये स्टेज वाढवत जातो तसं. पेरोव्स्काइटचा एक सेल मात्र १.१ व्होल्टच्या आसपास देतोय. दोन स्टेजमध्ये काम खलास! लोक त्याच्या मागं लागले त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे सिलिकॉन शुद्ध करायला तो १४०० अंशांच्या वर वितळवावा लागतो, भट्टीचा खर्च काय असतो ते उद्यमबागेत कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा, आणि पेरोव्स्काइटचं द्रावण करून काचेवर पसरायचं आणि १००-१५० अंशांवर शेकायचं, की झाला थर तयार. घावन घालण्याएवढं सोपं नाही, पण भट्टीपेक्षा तव्याच्या जवळचं काम आहे ते.

बरं, पेरोव्स्काइट म्हणजे नेमकं काय? नाव ऐकून काहीतरी रॉकेटमधलं वाटतं, पण मूळ हा एक दगड आहे. १८३९ मध्ये गुस्ताव्ह रोझ नावाच्या जर्मन माणसाला रशियातल्या उरल डोंगरातला हा खनिज मिळाला, त्यानं लेव्ह पेरोव्स्की या रशियन गृहस्थाचं नाव त्याला दिलं. कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन, बस्स. पुढं कळलं की या दगडातले अणू ज्या पद्धतीनं रचलेत त्याच पद्धतीनं दुसरेही शेकडो पदार्थ रचलेले असतात, मग त्या सगळ्या घराण्यालाच पेरोव्स्काइट म्हणायला लागले. म्हणजे हे एका माणसाचं नाव नव्हे, आडनाव आहे.

रचना कशी ते मामाला खोलीवरनं सांगितलं, ते त्याला पटलं. एक चौकोनी खोली धरा, लांबी-रुंदी-उंची सारखी. खोलीला आठ कोपरे, चार खालचे चार वरचे, प्रत्येक कोपऱ्यात एक मोठा अणू. सहा बाजू, म्हणजे चार भिंती, जमीन आणि छत, प्रत्येकीच्या मधोमध एक एक अणू. आणि खोलीच्या बरोबर मध्यावर, बल्ब लोंबतोय समजा, तिथं एक. आता अशाच खोल्या वर, खाली, आजूबाजूला चिकटून, कितीतरी. मग हिशोब करायला बसलं की गंमत येते. बल्बचा अणू त्या खोलीचा एकटीचा. भिंतीतला अणू दोन खोल्यांचा, भिंत सामाईक आहे ना, म्हणून सहाचे झाले तीन. कोपऱ्यातला तर आठ खोल्यांत वाटलेला, म्हणून आठ मिळून एक. म्हणजे एकास एक आणि त्याला तीन, प्रत्येक खोलीत हेच प्रमाण. (सामाईक भिंत कुणाची यावर इथं एकही अणू कोर्टात जात नाही. आम्हा सीमाभागातल्या लोकांना याचं विशेष वाटतं.)

खरी गोम अशी की खोली तीच ठेवून भाडेकरू बदलता येतात. कोपऱ्यात कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घाला, मध्ये टायटॅनियमच्या जागी शिसं घाला, भिंतीत ऑक्सिजन काढून आयोडीन नाहीतर ब्रोमीन घाला, खोली पडत नाही पण स्वभाव पार बदलतो. कुठल्या रंगाचा प्रकाश गिळणार, किती व्होल्ट देणार, पाण्यात टिकणार का नाही, सगळं भाडेकरूंवर.

आणि इथंच घराण्यात दोन भाऊ निघाले, एकमेकांच्या बरोबर उलटे. या सगळ्या विषयातली अडचण म्हणजे हे दोन भाऊच, बाकी तपशील.

पहिला भाऊ म्हणजे ऑक्साइडवाला, भिंतीत ऑक्सिजन. हा गारगोटी. पाण्यात वर्षानुवर्षं ठेवा, काही होत नाही. यातला सगळ्यात नावाजलेला स्ट्रॉन्शियम टायटॅनेट. पण याचा उंबरा उंच. उंबरा म्हणजे काय, तर प्रकाशाचा कण आत येऊन इलेक्ट्रॉनला ढुशी देतो तेव्हा त्या कणात ठरावीक दम असावा लागतो, त्याच्या खालचे सगळे दारातनंच परत. या गारगोटीचा उंबरा ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे त्या दमाचं माप), तो फक्त अतिनील किरणांना ओलांडता येतोय, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील असतंय कितीसं, चार-पाच टक्के ऊर्जा. बाकी ऊन याला दिसतच नाही. हौदभर पाण्यातनं चमचाभर पिणारा माणूस.

पण तो चमचा मात्र सांडत नाही. जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटानं २०२० मध्ये दाखवलं की या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटमध्ये थोडं ॲल्युमिनियम घातलं आणि त्याच्या कणांवर बरोबर जागी मदतनीस धातू बसवले तर अतिनीलचे १०० कण पडले की त्यातले ९६ पर्यंत कामाला लागतात. हे कसं जमलं ते भारी आहे. प्रकाशानं इलेक्ट्रॉन उडाला की मागं रिकामी जागा राहते, त्याला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन हायड्रोजन काढणार, होल ऑक्सिजन काढणार, पण दोघं वाटेत भेटले तर परत एक होतात आणि सगळं ऊन उष्णता होऊन वाया. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत आत जायला आणि बाहेर पडायला एकच दार ठेवलं तर काय होईल, तसं. या लोकांनी कणाच्या एका पैलूवर रोडियम-क्रोमियमचं दार केलं इलेक्ट्रॉनसाठी, दुसऱ्या पैलूवर कोबाल्टचं होलसाठी. गर्दीच झाली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी १०० चौरस मीटरचं पॅनेल उघड्यावर मांडून चालवून दाखवलं, काचेखाली पाण्याचा पातळ थर आणि त्याच्या तळाशी ही पूड पसरलेली, वायर नाही, काही नाही. ऊन पडतंय, बुडबुडे येतायत. पण उन्हातली किती ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली? ०.७६ टक्के. एक टक्कासुद्धा नाही.

दुसरा भाऊ हॅलाइडवाला, भिंतीत आयोडीन किंवा ब्रोमीन, मध्ये शिसं, कोपऱ्यात मिथाइल अमोनियमसारखा काहीतरी सेंद्रिय गट. उंबरा दीडच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणारं जवळजवळ सगळं ऊन पिणारा. कामाला वाघ. आणि हा गूळ. पाणी लागलं की संपला. काळा थर बघता बघता पिवळा पडतो, मागं शिशाचं आयोडाइड राहतं. २००९ मध्ये जपानच्याच त्सुतोमु मियासाका यांनी याचा पहिला सोलर सेल केला तेव्हा उन्हातली ३.८ टक्के ऊर्जा वीज होऊन मिळाली आणि सेलमध्ये जो द्रव घातलेला असायचा त्यातच तो बिचारा विरघळायचा. नंतर द्रव काढून कोरडा केला आणि मग जी पळापळ सुरू झाली, आज एकट्याचा आकडा लॅबमध्ये २६ टक्क्यांच्या वर आहे, सिलिकॉनच्या डोक्यावर बसवला तर ३४ च्या वर. सिलिकॉनला इथवर यायला दशकं लागली.

म्हणजे गंमत बघा, पाणी फोडायचंय, आणि जो फोडू शकतो तो पाण्यात उतरला की विरघळतो, जो उतरू शकतो त्याला ऊन पचत नाही.

मग काय करायचं? सगळ्यात साधा उपाय स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये मायकेल ग्रेट्झेल यांच्या लॅबनं २०१४ मध्ये केला. गुळाला पाण्यात नेऊच नका. दोन पेरोव्स्काइट सेल एकाला एक जोडून कोरड्यात ठेवले, वायर काढून फक्त निकेल-लोखंडाचे इलेक्ट्रोड पाण्यात सोडले. उन्हातली १२.३ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये! प्लॅटिनमसारखं महागडं काही न वापरता. मामा म्हणाला, मग झालं की, अडलंय कुठं? अडलंय असं की हे पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाणी फोडायचं यंत्र) वेगळे ठेवण्यासारखंच झालं. ते आज बाजारात मिळणाऱ्या सिलिकॉन पॅनेलनंही होतंय, पॅनेल २०-२१ टक्क्यांचं आणि इलेक्ट्रोलायझरमध्ये तिसरा हिस्सा गेला तरी हातात १३-१४ टक्के राहतात, आणि ते पॅनेल २५ वर्षं चालतंय. माझ्या मते पेरोव्स्काइटची खरी स्पर्धा कोळशाशी नाही, या साध्यासुध्या जुळणीशी आहे. ती कुणी जाहिरातीत सांगत नाही. सगळं एकाच पत्र्यात बसवून, मधले वायर-इन्व्हर्टर-जोडण्या काढून, स्वस्तात पडलं तरच त्याला अर्थ.

म्हणून मग गुळाला रेनकोट घालायची धडपड. केंब्रिजवाल्यांनी २०१६ मध्ये एक असा मिश्रधातू वापरला जो ६२ अंशांनाच वितळतो, आपल्या चहापेक्षाही कमी गरम, तो पातळ करून पेरोव्स्काइटवर बसवला, पाणी अडतं आणि वीज मात्र आरपार जाते. तेव्हा टिकला तासाभराच्या हिशोबात. मग बाथ विद्यापीठात २०१९ मध्ये ग्रॅफाइटचा पत्रा लावून पाण्यात ३० तासांपर्यंत नेलं. केंब्रिजच्या गटानं २०२२ मध्ये कागदासारखी हलकी पानं करून कॅम नदीवर तरंगत ठेवली, नावसुद्धा कृत्रिम पान. फोटो बघून मला आपल्याकडच्या तळ्यातली कमळाची पानंच आठवली. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठात आदित्य मोहिते यांच्या गटानं चिकटही आहे आणि वीजही वाहतोय असा थर शोधून सिलिकॉन आणि पेरोव्स्काइटची जोडी सरळ पाण्याशी भिडवली. २०.८ टक्के. ऐकायला प्रचंड, आणि आहेच. टिकला १०२ तास, तेवढ्यात जोर ६० टक्क्यांवर आला. १०२ तास म्हणजे चार दिवस आणि पाचव्या दिवसाची सकाळ. मामाच्या गावात एकदा पाऊस लागला की त्याच्यापेक्षा जास्त दिवस उघडत नाही.

एक किस्सा सांगतो, मला फार आवडलेला. दक्षिण कोरियातल्या सोलच्या लोकांनी २०१६ मध्ये उलटा विचार केला. गूळ पाण्यात विरघळतोय, पण पाकात? ज्या पाण्यात आधीच मावेल तेवढा गूळ विरघळलाय त्यात आणखी खडा टाकला तर तो तसाच राहतो, पाक करणारी कुठलीही बाई सांगेल. त्यांनी पेरोव्स्काइटच्याच घटकांनी गच्च भरलेलं हायड्रोआयोडिक आम्ल घेतलं, त्यात पेरोव्स्काइटची पूड टाकली, ऊन दाखवलं, पूड शाबूत आणि हायड्रोजन वर! फक्त तिथं फुटतंय ते आम्ल, पाणी नव्हे. तरी डोकं बघा.

मामाला मग गुंठ्याचा हिशोब पाहिजे होता, त्याशिवाय त्याला काही खरं वाटत नाही. आपल्याकडं वर्षाची सरासरी धरली तर एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ युनिट ऊन पडतंय. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, झाले ५०० युनिट. हायड्रोजनच्या एका किलोत ३३ युनिट असतात. गारगोटीचं जपानी पॅनेल गुंठाभर पसरलं तर दिवसाला ११५-१२० ग्रॅम. १० टक्क्यांचं काही मिळालं तर दीड किलो. २० टक्क्यांचं मिळालं तर तीन किलो, आणि त्याला पाणी लागणार २७ लिटर, म्हणजे म्हशीच्या निम्म्या प्यायलाही होणार नाही एवढं. "आणि जून ते सप्टेंबर?" मामानं विचारलं. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीकडं काय निघणार, ढग निघणार. अथणीकडं मांडा म्हणालो, तिकडं ऊनच ऊन. हे त्याला आवडलं नाही.

काढलेला हायड्रोजन ठेवायचा कुठं हे वेगळंच दुखणं. एक किलोला साध्या दाबाला ११-१२ घनमीटर जागा लागते, छोटी खोलीच. म्हणून ३५० नाहीतर ७०० पट दाबानं सिलिंडरमध्ये कोंबायचा. शिवाय हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी ठिणगीला पेटतोय, एलपीजीचा पट्टा याच्यापुढं अगदी अरुंद. म्हणून घराच्या गच्चीवर असलं काही करायच्या भानगडीत कुणी पडू नये, मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या वायरी सोडून तर नाहीच, त्यात क्लोरीनसुद्धा निघतोय.

शिशाचं काय, हे शेजारी बसलेल्या मामीनं विचारलं, आणि मला वाटतं प्रश्न तोच खरा. एका चौरस मीटरच्या थरात शिसं असतंय ग्रॅमच्या आसपास, आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते किलोनं असतंय. पण बॅटरीतलं डब्यात बंद असतंय आणि भंगारवाला परत नेतोय, हे पाण्यात विरघळणारं आणि पाण्यातच ठेवायचं. फुटलं तर सरळ शेतात. शिशाच्या जागी कथील घालून बघतायत, पण कथिलवाला हवेतच खराब होतोय, म्हणजे गुळाहून नाजूक.

मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ढेप पावसाळ्यात कशी ठेवायची हे त्या लोकांना कुणी सांगितलं नाही काय, आमच्या आईनं चार महिने ठेवलेली बघितलीय मी, पिशवीत घालून, डब्यात बंद करून, चुलीच्या वर. म्हटलं तेच करतायत ते, फक्त चुलीच्या वर नाही तर विहिरीत ठेवायचीय.

"आणि पिशवीला भोक पडलं तर?"

"मग पाक."

हसला. व्हिडिओ मात्र त्यानं फॅमिली ग्रुपवरनं अजून काढलेला नाही.